पणाला काय लागते? : 'बेब्लेड' आणि भोवऱ्यांच्या झुंजीचा इतिहास

गोष्ट २००६च्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा एका महाविद्यालयात मराठीचा अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि सुटीत गावी आलो होतो. बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगाही आला होता. त्याने स्वयंपाकघरातली पितळी परात पळवली, ओसरीवर मांडली आणि तीत दोन रंगीत भोवरे सोडले. दातेरी पट्टी खसकन ओढून सोडलेले ते भोवरे परातीच्या उतारावरून घसरत मध्यभागी येत, एकमेकांवर आदळत, ठिणगी उडाल्यासारखे दूर फेकले जात आणि पुन्हा जवळ येत. माझे वडील शेजारी खुर्चीत बसून हे बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "हरलास तर भोवरा द्यावा लागतो का रे?"

"नाही आजोबा, माझा माझ्याकडेच राहतो."

"मग जिंकणारा तो फोडतो तरी का?"

"नाही."

"मग हरणं म्हणायचं कशाला?"

भाचा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "कार्टूनमध्ये हरला तर त्याचा ड्रॅगन जातो."

त्या वेळी आम्ही सगळे हसलो. पुढे कधीतरी साहित्य आणि क्रीडा यांच्या संबंधांवर वाचन करताना तो संवाद मला पुन्हा आठवला, आणि ध्यानात आले की एका आजोबाने आणि एका नातवाने मिळून एका शतकाचा इतिहास चार वाक्यांत सांगून टाकला होता. खेळात पणाला काय लागते, हा वडिलांचा प्रश्न होता. प्रत्यक्षातला पण नाहीसा होतो तेव्हा तो कथेत जाऊन बसतो, हे भाच्याचे उत्तर होते. प्रस्तुत लेख म्हणजे या उत्तराचा थोडा विस्तार आहे.

ज्या मालिकेविषयी भाचा बोलत होता ती 'बेब्लेड'. मूळ जपानी नाव 'बाकुतेन शूट बेइब्लेड'. बालवाहिनीवरची मालिका, तीही खेळणी विकण्यासाठी काढलेली; अशा विषयावर साहित्याच्या अभ्यासकाने वेळ का घालवावा, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर एवढेच की आज आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा 'कथानक', 'नायक', 'प्रतिनायक' या संकल्पनांशी पहिला परिचय रामायणाच्या कीर्तनातून झालेला नाही. तो अशाच मालिकांतून झाला आहे. त्यांची कथनदृष्टी कशी घडली हे जाणून घ्यायचे तर त्या मालिकांचा इतिहास आपल्याला माहीत हवा.

शिंपल्यातला भोवरा

जपानी भाषेत भोवऱ्याला 'कोमा' म्हणतात. कोरियातील एका प्राचीन राज्याचे जपानी नावही 'कोमा' होते आणि त्यावरूनच हा शब्द आला, अशी एक व्युत्पत्ती तिकडे प्रचलित आहे. भोवरा हा तेथे केवळ मुलांचा खेळ कधीच नव्हता. एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, असाकुसा भागात मात्सुइ गेन्सुइ या परंपरागत नावाने ओळखले जाणारे कसरतपटू भोवऱ्यांचे चित्तथरारक खेळ करीत आणि जमलेल्या गर्दीला दंतमंजन विकत. भोवरा फिरवून माल खपवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरची आहे असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

'बेब्लेड'चा थेट पूर्वज मात्र कसरतीचा भोवरा नव्हे; तो झुंजीचा भोवरा आहे. त्याचे नाव 'बेइगोमा'. 'बाइ' नावाची एक सागरी गोगलगाय असते. तिच्या शंखाचे टोक तोडायचे, पोकळीत वाळू किंवा माती भरायची, वरून मेण ओतून तोंड बंद करायचे आणि दोरी गुंडाळून तो फिरवायचा. पश्चिम जपानात सुरू झालेला हा खेळ एदोकडे सरकला तेव्हा त्या भागातील उच्चारात 'बाइ'चा 'बेइ' झाला. 'बेब्लेड' या नावातले पहिले अक्षर ते हेच. भाच्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या वस्तूच्या नावात समुद्रकाठचा एक शंख दडलेला होता. हे त्याला माहीत नव्हते, मलाही नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शंखाची जागा धातूने घेतली. ओतीव लोखंडाचा, तळहातावर मावेल एवढा, बुटका शंकू. त्याला वर दांडी नाही, खाली आर नाही. दोरीच्या टोकाशी गाठी मारायच्या, त्या गाठींच्या आधाराने शंकूच्या खालच्या अंगाला दोरी गुंडाळायची आणि झटक्याने भोवरा सोडायचा. आखाडा म्हणजे पिंप किंवा बादली. तिच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधायचे आणि मध्ये थोडा झोळ ठेवायचा. या आखाड्याला 'तोको' म्हणत. झोळामुळे सगळे भोवरे आपोआप मध्याकडे ओढले जात आणि टक्कर अटळ होई. जो बाहेर फेकला गेला किंवा आधी थांबला तो हरला. हरणाऱ्याचा भोवरा जिंकणाऱ्याचा होई.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा. त्यामुळे खेळाला धार होती आणि त्यामुळेच मोठ्या माणसांच्या दृष्टीने तो जुगाराच्या जातीचा होता. पण याच नियमातून एक कारागिरीही जन्माला आली. मुले आपल्या भोवऱ्याच्या कडा कानशीने घासून टोकदार करीत, त्याची उंची कमी करीत, वजन वाढवण्यासाठी पोकळीत मेण किंवा शिसे भरीत. गल्लीतल्या खाऊच्या दुकानातून सगळ्यांनी सारखाच भोवरा घेतलेला असे. महिन्याभराने मात्र कोणाचेही दोन भोवरे एकसारखे नसत. प्रत्येक भोवऱ्याला स्वतःचे चरित्र तयार होई, आणि तो हरला म्हणजे ते चरित्रही दुसऱ्याच्या खिशात जाई.

युद्धाने हा खेळही सोडला नाही. १९४१मध्ये जपान सरकारने धातू गोळा करण्याचा हुकूम काढला. देवळांच्या घंटा वितळल्या तेथे भोवऱ्यांची काय कथा? त्या काळात भाजलेल्या मातीचे बेइगोमा निघाले. टकरीत फुटणारे हे भोवरे आज संग्रहालयात पाहायला मिळतात. युद्ध संपल्यावर लोखंड परत आले आणि भोवऱ्यांच्या पाठीवर बेसबॉल खेळाडूंची नावे उमटू लागली. तोक्योच्या उत्तरेला कावागुची नावाचे ओतकामाचे शहर आहे. किरिओ उरायामा यांच्या १९६२मधील 'क्यूपोला नो आरु माची' या चित्रपटामुळे त्या शहराच्या भट्ट्या जपानी प्रेक्षकांच्या मनात कायमच्या कोरल्या गेल्या. बेइगोमा ओतण्याची परंपरा टिकून राहिली ती मुख्यतः याच शहरात. पुढे दूरदर्शन संच घरोघरी आले, मोकळ्या जागा बांधकामांनी गिळल्या आणि बेइगोमाचा आवाज गल्लीतून हळूहळू मावळला.

१९९९ : भोवऱ्याचा पुनर्जन्म

जुलै १९९९मध्ये 'ताकारा' या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने 'बेब्लेड' बाजारात आणले. १९८४पासून 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या निमित्ताने अमेरिकेच्या 'हॅस्ब्रो'शी संबंध असलेली हीच कंपनी. २००६मध्ये ती 'तोमी' या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि जपानमध्ये 'ताकारा तोमी' हे नाव रूढ झाले. भोवरा आता सुट्या भागांचा होता. वर प्रतीकाची चकती, तिच्याखाली टक्कर देणारे कडे, मग वजनाची धातूची तबकडी आणि तळाशी टोकाचा भाग. दोरीची जागा दातेरी पट्टीने आणि चाकाने घेतली. ज्याला दोरी गुंडाळता येत नाही त्या मुलालाही आता पहिल्याच दिवशी भोवरा फिरवता येऊ लागला.

याच वर्षी 'कोरोकोरो कॉमिक' या मासिकात ताकाओ आओकी यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू झाली. ती २००४पर्यंत चालली. हे मासिक शोगाकुकान प्रकाशनाने १९७७मध्ये काढले. नव्या खेळण्याला कथा पुरवणे आणि कथेला खेळण्याचे शरीर देणे, ही त्याची मुरलेली पद्धत होती. १९८७पासून चाललेल्या 'दॅश! योन्कुरो' या चित्रकथेने लहान मोटारींच्या शर्यतीचे वेड पसरवले होते. त्यानंतर यो-योची लाट आली होती. 'बेब्लेड' त्या परंपरेतले पुढचे पाऊल. ८ जानेवारी २००१ रोजी 'टीव्ही तोक्यो'वर मालिका सुरू झाली. 'मॅडहाउस' या चित्रशाळेने केलेले, तोशिफुमी कावासे यांनी दिग्दर्शित केलेले तिचे ५१ भागांचे पहिले पर्व त्याच वर्षीच्या डिसेंबरात संपले. २००२ आणि २००३मध्ये आणखी दोन पर्वे आली.

खेळणे, मासिक आणि दूरचित्रवाणी यांच्या या एकत्रित व्यवहाराला जपानमध्ये 'मीडिया मिक्स' म्हणतात. यात आधी काय आणि नंतर काय हा प्रश्न निरर्थक ठरतो. कथा जाहिरात असते हे खरे. पण खेळणेही कथेचे एक पान असते. आपल्या समीक्षेला 'साहित्यकृती' स्वायत्त मानण्याची सवय आहे. तिच्या हाती अशा ठिकाणी फारसे काही लागत नाही.

कानशीची जागा आता सुट्या भागांनी घेतली होती. भोवरा सुधारायचा म्हणजे घासायचा नाही, भाग बदलायचा. आणि भाग बदलायचा म्हणजे विकत घ्यायचा. रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला आहे. आधुनिक खेळणी मुलाला निर्माता होऊ देत नाहीत, केवळ मालक आणि वापरणारा करून ठेवतात, अशी त्यांची तक्रार होती. ती येथे चपखल बसते असे प्रथमदर्शनी वाटते. तरीही ती पूर्णपणे मान्य करता येत नाही. कोणते कडे कोणत्या तळाशी जुळते, जड भोवरा स्थिर राहतो पण संथ का होतो, रुंद टोकाचा वेगाने धावतो पण लवकर का थकतो, हे ज्ञान मुले स्वतः कमावत होती. भाच्याच्या वहीत गणितापेक्षा या जोड्यांचे तक्ते अधिक नीटनेटके होते. कारागिरी संपली नाही. ती हातातून डोक्यात गेली, आणि वाटेत तिला किंमत मोजावी लागली.

चार दिशा, पाच तत्त्वे

आता मालिकेच्या संहितेकडे वळू. कथा साधी आहे. ताकाओ किनोमिया हा तलवारबाजीची शाळा चालवणाऱ्या आजोबांचा नातू. काइ हिवातारी हा त्याचा अबोल, मानी प्रतिस्पर्धी. रेइ कोन हा चीनमधून आलेला मुलगा आणि मॅक्स मिझुहारा हा अमेरिकन आईचा मुलगा. हे चौघे एका संघात येतात आणि आशिया, अमेरिका, युरोप करीत रशियापर्यंत स्पर्धा लढत जातात. प्रत्येकाच्या भोवऱ्यात एक 'सेइज्यू', म्हणजे पवित्र पशू, वास करतो.

हे पशू लेखकाच्या मनाचे खेळ नव्हेत. ताकाओचा निळा ड्रॅगन, काइचा तांबडा अग्निपक्षी, रेइचा पांढरा वाघ आणि मॅक्सचे काळे कासव हे प्राचीन चिनी खगोलशास्त्रातले चार दिशांचे रक्षक आहेत. जपानीत त्यांची नावे सेइर्यू, सुझाकु, ब्याक्को आणि गेन्बु. दिशा अनुक्रमे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर. आपल्याकडे इंद्र, यम, वरुण आणि कुबेर या चार दिशांना उभे असतात, तशीच ही रचना. फरक असा की आपला जलदेव पश्चिमेला आहे, तर त्यांचे पाणी उत्तरेला.

नावांच्या चित्रलिपीकडे पाहिले की आणखी एक थर उघडतो. किनोमिया या आडनावात 'लाकूड' आहे, हिवातारीत 'अग्नी', कोन या आडनावाचे चिन्ह 'धातू'चे आणि मिझुहारात 'पाणी'. चिनी पंचतत्त्वविचारात पूर्व म्हणजे लाकूड, दक्षिण म्हणजे अग्नी, पश्चिम म्हणजे धातू, उत्तर म्हणजे पाणी. चारही मुले आपापल्या दिशेचे तत्त्व आडनावात घेऊन वावरतात. राहते ते पाचवे तत्त्व, पृथ्वी. तिची दिशा 'मध्य'. तिसऱ्या पर्वात एक नवा मुलगा येतो. त्याचे नाव दाइची, आणि त्याचा अर्थच 'धरणी'. दोन पर्वे अपूर्ण राहिलेले मंडल तिसऱ्या पर्वात पुरे होते. खेळण्याच्या जाहिरातीत ही काळजी कोणी घेतली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नायकाला ताकाओ हे स्वतःचेच नाव देणाऱ्या चित्रकाराने हे सगळे गंमत म्हणून केले असेल. पण परंपरा अनेकदा गमतीच्या वाटेनेच पुढे सरकत असते.

ही परंपरा किती जुनी? नारा प्रांतातील असुका येथे कितोरा नावाचे थडगे आहे. सातव्या शतकाच्या अखेरचे किंवा आठव्याच्या आरंभीचे. त्याच्या आतल्या भिंतींवर हे चारही रक्षक रंगवलेले आहेत. बंद थडग्यात भोकातून कॅमेरा सोडून १९८३मध्ये उत्तरेचे कासव प्रथम दिसले. १९९८मध्ये ड्रॅगन आणि वाघ सापडले. दक्षिणेचा पक्षी दिसला २००१मध्ये, म्हणजे नेमक्या त्या वर्षी जेव्हा जपानी मुले दर आठवड्याला तोच पक्षी काइच्या भोवऱ्यातून झेपावताना पाहत होती.

याच नावांची एक दुखरी आठवणही जपानी मनात आहे. १८६८च्या यादवीत आइझु संस्थानाने आपल्या सैन्याच्या वयानुसार चार तुकड्या केल्या आणि त्यांना या चार रक्षकांची नावे दिली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची तुकडी म्हणजे 'ब्याक्कोताइ', पांढऱ्या वाघाची. त्यांतले वीस जण इइमोरी टेकडीवर पोहोचले, खाली धूर पाहून किल्ला पडला असे समजले आणि त्यांनी आत्मघात केला, एकच वाचला. किल्ला तेव्हा पडलेला नव्हता. देवतेच्या नावाने लढणाऱ्या मुलांची गोष्ट जपानी संस्कृतीत कोठवर जाऊ शकते, हे या घटनेवरून कळते. पांढरा वाघ भोवऱ्यात बंदिस्त होऊन परातीएवढ्या आखाड्यात लढू लागला, याला मी तरी अधोगती म्हणणार नाही. मुलांच्या हातातून तलवार निसटून दोरी आली, हा इतिहासाचा दुर्मीळ असा समंजसपणा आहे.

भाषांतरात गळालेले

कॅनडाच्या 'नेल्व्हाना' या संस्थेने मालिकेची इंग्रजी आवृत्ती केली आणि तीच जगभर पसरली. तीत ताकाओ किनोमियाचा टायसन ग्रेंजर झाला. नायकाच्या नावातून लाकूड गेले, पूर्व दिशा गेली, लेखकाची सहीही गेली. दाइची, काइ, रेइ ही नावे कमीअधिक फरकाने राहिली. पण चित्रलिपी नसल्याने ते केवळ ध्वनी उरले. जपानी मुले भोवरा सोडताना 'गो शूट' म्हणत. म्हणजे मूळ जपानी घोषणाच इंग्रजी शब्दांची होती. इंग्रजी आवृत्तीने ती काढून 'लेट इट रिप' ही दुसरी इंग्रजी घोषणा घातली. भाषांतरित आवृत्तीला मूळ कृतीतले इंग्रजीसुद्धा परके वाटले!

भारतात ही मालिका 'कार्टून नेटवर्क'वर हिंदीतून आली, ती या इंग्रजी आवृत्तीवरून. जपानीतून इंग्रजी, इंग्रजीतून हिंदी, आणि ती हिंदी ऐकून मराठी घरात मराठीत खेळणारा मुलगा. अशी ही तीन पायऱ्यांची उतरंड. भाषांतरविद्या शिकवताना आपण 'तिसऱ्या हाताचे भाषांतर' म्हणून रशियन कादंबऱ्यांची उदाहरणे देतो. माझ्या अनुभवाने विद्यार्थ्यांना टायसनचे उदाहरण लवकर पटते. त्यांना त्यांच्या बालपणीचा नायक 'ताकाओ' होता हे सांगितले की वर्गात एक क्षण शांतता पसरते. काहीतरी आपल्यापासून काढून घेतले गेले होते, ही जाणीव भाषांतराच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक शिकवून जाते.

कथेत गेलेला पण

आता वडिलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खेळण्यातून पण नाहीसा झाला होता. कारण उघड आहे: हरलेल्या मुलाचा विकत घेतलेला भोवरा दुसऱ्याकडे जाऊ लागला असता, तर पालकांनी आणि शाळांनी तो खेळ टिकू दिला नसता. पण पणाशिवाय कथा उभी राहत नाही. द्यूतसभेतून पण काढून टाकला तर महाभारत उरेल काय? म्हणून बेइगोमाचा जुना, कडक नियम कथेत परत आला. पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात रशियातील एक संस्था मुलांना यंत्रासारखे घडवते आणि प्रतिस्पर्ध्यांचे पवित्र पशू हिरावून घेते. काइ स्वतः काही काळ त्या मोहात सापडतो, मित्रांविरुद्ध उभा राहतो. अंतिम सामन्यात सर्गेइकडून तो हरतो आणि त्याचा अग्निपक्षी काढून घेतला जातो. रिकामा भोवरा हातात घेऊन उभा असलेला काइ, आणि गल्लीत आपला घासून घासून सिद्ध केलेला बेइगोमा गमावून घरी परतणारा मुलगा. त्यांत वेगळे असे काय आहे?

तिसऱ्या पर्वात गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. संघ फुटतो. काइ, रेइ आणि मॅक्स आपापल्या जुन्या संघांत परत जातात आणि मित्र एकमेकांसमोर उभे राहतात. येथे पशू पणाला लागत नाही, मैत्री लागते. त्यानंतर खलनायक म्हणून उभी राहते ती या खेळाला धंदेवाईक रूप देऊन तो आपल्या मुठीत घेऊ पाहणारी एक संस्था. खेळणे विकण्यासाठी निर्माण झालेल्या मालिकेत खेळाचा बाजार मांडणारेच खलनायक ठरावेत, हा विरोधाभास लेखकमंडळींच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही. व्यापारी चौकटीत राहूनही कथेला स्वतःचा विवेक असू शकतो, एवढे तरी यातून म्हणता येते.

पुढचा इतिहास पाहिला तर हा विवेक कायम टिकला असे मात्र नाही. २००८मध्ये धातूचे नवे भोवरे आणि ताकाफुमी आदाची यांची नवी चित्रकथा आली. २००९च्या मालिकेत दिशारक्षकांच्या जागी तारकासमूह आले. २०१५मध्ये 'बर्स्ट' आले. त्यातला भोवरा जोराच्या टकरीने तुकडे होऊन उधळतो. मुले तुकडे गोळा करतात आणि पुन्हा जोडतात. "जिंकणारा तो फोडतो तरी का?" हा वडिलांचा प्रश्न जणू कंपनीने ऐकला होता. फुटण्याचा थरार परत आणला, नुकसान मात्र वगळले. २०२३मधल्या 'बेब्लेड एक्स'मध्ये आखाड्याच्या कडेला दाते असलेला रूळ आहे, त्यावरून भोवरा अचानक वेग घेतो. त्याच्या मालिकेत व्यावसायिक खेळाडू होऊन शिखर गाठणे हेच मुलांचे स्वप्न आहे. २००३मध्ये जे संकट होते ते वीस वर्षांत ध्येय झाले. मूल्ये कशी बदलतात याचे इतके सरळ उदाहरण प्रौढ साहित्यात क्वचितच सापडेल.

भोवरा आणि भोवळ

योहान हुइझिंगा यांनी १९३८मध्ये क्रीडेभोवती एक अदृश्य रिंगण असते, त्यात बाहेरचे नियम थांबतात, असे म्हटले. त्यांच्यानंतर रॉजे काय्वा यांनी १९५८मध्ये खेळांचे चार वर्ग केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. चौथ्या वर्गाला त्यांनी 'इलिंक्स' हे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पाण्यातला भोवरा. मराठी वाचकाला येथे थांबावेच लागते. आपल्या भाषेत फिरणारे खेळणे भोवरा, नदीतले चक्र भोवरा, आणि डोके गरगरले की येते ती भोवळ. सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतातला 'भ्रम्' धातू; त्याच धातूपासून आभास या अर्थाचा 'भ्रम'ही आला. काय्वा यांना जे ग्रीकमध्ये शोधावे लागले ते आपल्या शब्दकोशात एका पानावर शेजारी शेजारी बसलेले आहे.

'बेब्लेड'मध्ये हे चारही वर्ग एकत्र येतात. टक्कर ही स्पर्धा. भोवरा सुटल्यावर खेळाडूच्या हाती काही उरत नाही, ते दैव. पशूचे नाव घेऊन ओरडणे हे सोंग. आणि फिरणाऱ्या वस्तूकडे एकटक पाहत राहणे ही भोवळ. दोरी सुटल्यानंतरचा तो क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रिकेटमध्ये चेंडू अडवता येतो, कबड्डीत मागे पळता येते. भोवरा सोडला की मूल फक्त प्रेक्षक उरते. आपण केलेली तयारी आता आपल्याविना लढते आहे आणि आपण हाक मारण्यापलीकडे काही करू शकत नाही. मालिकेतली मुले इतकी ओरडतात त्याची थट्टा होते. पण असहाय माणूस दुसरे काय करणार? लिहून हातावेगळ्या केलेल्या पुस्तकाकडे लेखक, आणि घराबाहेर पडलेल्या मुलाकडे आईबाप, याहून वेगळ्या रीतीने पाहत नाहीत.

त्या उन्हाळ्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी, वडिलांनी माळ्यावरून आपला जुना लाकडी भोवरा आणि जाळी शोधून काढली. भोवऱ्याच्या अंगावर गुच्च्यांचे खड्डे होते. एकेक खड्डा दाखवत ते भाच्याला सांगत होते, हा अमक्याने मारला, हा तमक्याने. त्यांतली बहुतेक माणसे तेव्हा हयात नव्हती. भाच्याने तो भोवरा हातात उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "म्हणजे आजोबा, तुम्ही इतक्या वेळा हरलात?"

"हो," वडील म्हणाले, "म्हणून तर तो अजून माझ्याकडे आहे. जिंकणाऱ्यांच्या भोवऱ्यावर आठवण राहत नाही."

वडील २०१४मध्ये गेले. तो भोवरा आता भाच्याकडे आहे. त्याचे प्लास्टिकचे भोवरे कधीच हरवले. त्यांच्यावर कसलीच खूण नव्हती. त्याला आठवते ती परात, आणि कार्टूनमधला तो ड्रॅगन.